भिकुबाईच्या हातचा घास

२० ऑगस्ट

नवल,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रभूच्या नावाने सलाम' लिहायची आम्हा ख्रिस्ती लोकांची रीत. आज ती मोडते. तुला सलाम लिहायला हातच वळत नाही.

फोन तू उचलत नव्हतास, आता तर माझा नंबरच ब्लॉक केलास. म्हणून पाड्यावरच्या किरणकडून तुझा नशिराबादचा पत्ता घेतला. पत्र काही ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

तुझी माय जिवंत आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगते. पाड्याखालच्या नाल्यात सापडली. आमच्या मंडळीतली ज्योती सरपणाला गेली होती, तिला वाटलं कुणी घोंगडी फेकून दिलीय. घोंगडी कण्हायला लागली तेव्हा ती बोंबलत माझ्याकडे आली. डोकं कानाच्या वर फुटलेलं. डाव्या बाजूच्या बरगड्या मोडलेल्या. केस विळ्याने कापलेले, तेही कातडीसकट. डोळ्यांत मिरचीची पूड. मी डोळे धूत होते तेव्हा माझं मनगट धरून एकच म्हणत होती, "आंडोरले सांगू नका." तिचा आंडोर, तिचा मुलगा, म्हणजे तूच ना रे? की दुसरा कुणी आहे?

जुलैत तुझा नवीन गेला. दात यायच्या आधीच लेकरू गेलं, त्याचं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. पण भगताने तांदूळ टाकले आणि म्हणाला, आजीनेच खाल्लं, आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! अरे, त्याच आजीने त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. तुझी मयुरी बाळंतपणात तापली होती तेव्हा त्याला छातीशी धरून कोण बसलं होतं?

तिला कुणी मारलं ते मी विचारलं नाही. पोलीस आले, त्यांनी विचारलं. म्हणाली, पडले. विळ्यावर पडली, मिरचीत पडली, अख्ख्या पाड्याच्या पायांवर पडली. लिहून घेणाऱ्यानेही पेन खाली ठेवलं.

आता ती आमच्याकडे आहे, प्रार्थनाघराला लागून खोली आहे तिथे. मंडळीतल्या बायका आळीपाळीने तिच्याजवळ निजतात. कुणी दूध आणतं, कुणी अंडी आणतं, कुणी नुसतं येऊन पाय चेपून जातं. दुखणेकऱ्याला टाकून द्यायचं नाही, एवढं तरी आम्ही धरून आहोत. ती आमच्या धर्मात ये असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं तर मीच त्याला हाकलीन.

तू ये. पाड्याची जुनी रीत तुला माहीत आहे. डाकिणीच्या हातचं कुणी खात नाही. पण ज्याचं लेकरू गेलं त्यानेच चारचौघांत तिच्या हातचा घास खाल्ला, तर भगताचं बोलणं फिरतं. ही रीत तुमची, माझी नव्हे. एक घास खा आणि परत जा. नाहीतर ती जगली तरी माणसांत जगायची नाही.

तू पायाळू जन्मलास. मिशनच्या दवाखान्यात ह्याच हातांनी तुला पायांनी ओढून बाहेर काढला. तेव्हापासून उलटाच चालतोस. ह्या वेळी सरळ ये.

मार्था गावित (सिस्टर)


१८ सप्टेंबर

नवल,

उत्तर नाही. बरं. मी लिहितेच.

बायबलात एक मार्था आहे. चुलीशी राबते आणि कुरकुर करते. माझ्या बापाने नाव ठेवताना पुढचं सगळं पाहिलं होतं म्हणायचं. तर कुरकुर ऐक.

आमचे हे, हिलाल पाळक, तुला माहीतच आहेत. गायीसारखा माणूस. पण गायसुद्धा कधीकधी पेरलेल्या शेतात शिरते. मी ह्यांना सांगून दमले की ह्या बाईच्या अंगात काही नाही. रक्त कमी आहे आणि धसका जास्त आहे, गोळ्या आणि झोप द्या. पण मंडळीतले लोक कुजबुजायला लागले. आपण हिला ठेवली, आपली लेकरं तिथेच खेळतात, काही झालं तर? हो रे, आमचेच लोक! तिच्यासाठी दूध आणणारे तेच, आणि तिने ग्लास हातात दिला की नको म्हणणारेही तेच. प्रभूचं नाव घेतलं म्हणून पिढ्यांचं भय एका रात्रीत जातं होय?

हे म्हणाले, मार्था, सगळ्यांसमोर सुटकेची प्रार्थना करू, म्हणजे लोकांची भीती जाईल. मी म्हटलं, नका करू. हे म्हणाले, तुझा विश्वास कमी आहे. आणि रविवारी केली. स्पीकर लावून केली!

बायकांनी तिला मधे बसवलं. डोक्यावर हात ठेवले, जिथे जखम अजून हळवी होती तिथेच. सगळे मोठ्याने प्रार्थना करताहेत, कुणी रडतंय, कुणी थरथरतंय. ह्यांनी माईक तिच्या तोंडाशी धरला आणि प्रेमाने विचारलं, बाई, मनात काय आहे ते प्रभूला सांग. आणि तुझी माय सांगते, "हाव, मीच खादं त्याले. मीच डाकीन."

 मग हे ढसाढसा रडत ओरडले, "मुक्त झाली! आजपासून मुक्त झाली!" टाळ्या, हालेलुया, गाणी. लोकांनी तिला मिठ्या मारल्या. खरोखर मारल्या, त्यात खोटं काही नव्हतं.

अरे पण मुक्त झाली म्हणजे आधी डाकीण होती ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्पीकरचं तोंड पाड्याकडे होतं. पाड्याने पहिलं वाक्य ऐकलं, पुढचं कोण ऐकतो? संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ पाड्यावरचा सुपडू सगळ्यांना सांगत होता, ऐकलं ना, स्वतःच्या तोंडाने कबूल झाली, आता तर पाळकानेही सांगितलं. करायला गेला गणपती, झाला मारुती. पाळकाच्या बायकोने ही म्हण वापरू नये म्हणे. वापरली.

मी ह्यांच्याशी अजून धड बोलत नाही. भाकर वाढते, पुढ्यात ठेवते, निघून जाते.

एक गोष्ट मात्र घशात अडकलीय. ती तसं का बोलली? तिला ताप नव्हता, अंगात आलं नव्हतं. घुमणाऱ्या बाया मी आयुष्यभर पाहिल्या, त्यांचे डोळे फिरतात. हिचे डोळे जागेवर होते. माईक नीट तोंडाशी घेतला, दाराबाहेर पाड्याकडे पाहिलं आणि बोलली.

तू लवकर ये. आता नुसत्या आमच्या प्रार्थनेने हा गुंता सुटायचा नाही.

मार्था


१० ऑक्टोबर

नवल,

आज मी रागात आहे, तेव्हा सांभाळून वाच.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. शहरातल्या चर्चात विकतचा पाव आणतात. आमच्याकडे घरोघरची पाळी असते. ज्या घराची पाळी, त्या घरची बाई पहाटे अंघोळ करून गव्हाची एक मोठी पोळी लाटते, ती मोडून सगळ्यांना तुकडा तुकडा देतात. बाईला त्याचा मान वाटतो. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या तोंडाने ती मुक्त झाली ना? मग ह्या वेळची पाळी भिकुबाईची. हे लगेच हो म्हणाले. चूक केली की माणूस सुधारायला धडपडतोच.

तिने पोळी केली. नवल, कशी केली असेल! पीठ वस्त्रगाळ केलं, सारखी हात धुवत होती. पोळी पदराखाली झाकून आणली. लोक रांगेने आले, तुकडा घेतला, डोळे मिटून जागेवर बसले. मला भरून आलं. म्हटलं, शाबास माझी मंडळी.

प्रार्थना संपल्यावर मी झाडायला घेतलं. चटया उचलल्या. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया, तू कारखान्यात विणतोस तसल्याच. आणि चटयांखाली जागोजागी पोळीचे तुकडे! कुणी खाल्लाच नव्हता. मुठीत धरला, बसल्या बसल्या चटईखाली सारला आणि वर आमेन म्हटलं.

मी लपवायला गेले, पण ती मागेच उभी होती केरसुणी घेऊन.  खाली बसली, एकेक तुकडा वेचला, फुंकर मारून माती उडवली आणि पदरात भरला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. कोंबड्यास्ले टाकी देस." मी तिच्या पदरातला एक तुकडा ओढून तोंडात घातला. तर मलाच समजावते, "तुम्हना खायेल कामना नही." माझं खाल्लेलं चालत नाही तिला! मग कुणाचं चालतं, ते तुला सांगायला नको.

आता ऐक. किरणकडून तू निरोप पाठवलास म्हणे, मी कशाला येऊ, तिनेच कबूल केलंय. चोराच्या उलट्या बोंबा! मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण तुला येऊ द्यायचं होतं, पळवून लावायचं नव्हतं. पण आता लिहिते. तिच्या डोक्यातली जखम कुऱ्हाडीच्या दांड्याची आहे आणि दांडा तुझ्या हातात होता, हे ज्योतीने आदल्या रात्री लांबून पाहिलं होतं, मला भीतभीत नंतर सांगितलं. पाड्याने तिला घराबाहेर ओढलं खरं, पण पहिला घाव तुझा. तू मारल्याशिवाय बाकीच्यांचा हात उठलाच नसता.

आणि नवीनला शेवटी माझ्याकडे आणलंस तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. मी झबलं वर केलं होतं. पोटावर आणि छातीवर चटके होते, तापवलेल्या लोखंडाचे, भगत द्यायला लावतो तसले. ओले होते. मी झबलं खाली ओढलं आणि तुला काही बोलले नाही, कारण मयुरी तिथे उभी होती. तेव्हा मला सांगू नकोस की लेकराला कुणी खाल्लं.

मी हे लिहायला नको होतं, असं हे म्हणतील. ह्यांना दाखवत नाही.

मार्था


२ नोव्हेंबर, धुळे, सरकारी दवाखाना

नवल,

किरणने तुला कळवलंच असेल. तरी जे झालं ते माझ्याकडून ऐक, कारण पाड्यावर आता जो तो म्हणतो मी तिथे नव्हतोच.

सुपडूची म्हैस मेली. मग त्याच्या पुतणीला ताप चढला. भगताकडे जायचीही गरज पडली नाही, कबुली तर आमच्याच स्पीकरवर झाली होती. दिवाळीच्या आधीचा रविवार. आम्ही दुसरं गाणं म्हणत होतो. आधी दगड आले, खिडकीच्या काचा फुटून लेकरांवर पडल्या. मग दार मोडलं. दांडे, पाइप, एकाच्या हातात सायकलची साखळी. माणसं सगळी ओळखीची! कुणाचं बाळंतपण मी केलेलं, कुणाच्या बापाला ह्यांनी खांद्यावरून पिंपळनेरच्या दवाखान्यात नेलेलं.

हे हात जोडून पुढे गेले. "भाऊ, आधी मला मारा." आणि खरंच आधी ह्यांना मारलं. पाइप जबड्यावर बसला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दात चटईवर पडले. ज्योती आणि दोघीतिघी तुझ्या मायवर पालथ्या पडल्या. ज्या बायकांनी तिच्या हातचा तुकडा चटईखाली लपवला, त्याच बायका तिच्या अंगावर पडून पाठीवर दांडे झेलत होत्या. मी चक्रावलेय नवल. माणूस एवढं भितंही आणि एवढं करतंही. ज्योतीच्या खांद्याचं हाड मोडलं तरी ती हलेना, शेवटी तिला केसांनी ओढून बाजूला केलं.

मी चूल पेटवायची फुंकणी उचलली आणि दिसेल त्याच्या नडगीवर हाणली. दुसरा गाल पुढे करायचं मला त्या दिवशी आठवलं नाही.

त्यांनी तुझ्या मायला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवले. एकजण मनगटावर उभा राहिला. "ह्याच हातांनी चारते ना?" असं म्हणत सुपडूने दगड घातला, पुन्हा घातला. ती ओरडली नाही. मी ओरडत होते. मग कुणीतरी स्पीकरवर रॉकेल ओतून पेटवला, वरचे पत्रे काळे झाले, धूर झाला आणि गर्दी पांगली.

अँब्युलन्स यायची होती. मी ह्यांचा जबडा फडक्याने बांधत होते, तर दारात सुपडू परत उभा. खिडकीच्या काचेने त्याचं मनगट कापलं होतं, रक्त चिळकांड्या मारत होतं, तोंड पांढरंफटक. मारतानाचा सगळा माज उतरलेला. म्हणतो, "सिस्टर अक्का, मी मरतो." ह्यांनी बांधलेल्या तोंडानेच मला खूण केली, बघ त्याच्याकडे. बघितलं. दाबून धरलं, आवळून बांधलं, टाके घातले. सुई जरा जोरात टोचली, त्याचा जाब देव मला विचारील तेव्हा देईन. आणि नंतर पोलिसांना त्याचं नाव पहिलं सांगितलं. हे म्हणतात, क्षमा कर. मी म्हटलं, टाके घातले ना, आज एवढीच क्षमा शिल्लक आहे.

ह्यांचा जबडा आता तारेने बांधलाय. पाटीवर लिहून बोलतात. लग्नापासून पहिल्यांदा घरात माझा शब्द शेवटचा आहे.

तुझ्या मायचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत. उजव्याची दोन बोटं बाहेर आहेत, ती हलतात.

धुळं काही लांब नाही. बसने ये. मी कुणाला सांगणार नाही.

मार्था


१२ नोव्हेंबर, धुळे

नवल,

काल तू आलास. मी कॉटच्या पलीकडे खाली बसून पाण्याची बाटली भरत होते, म्हणून तुला दिसले नाही. मला तू दिसलास. वॉर्डाच्या दारात उभा होतास, हातात केळी. किती वाळलास रे! शर्टाची बटणं वरखाली लावली होतीस. मयुरी जेवायला घालते की नाही?

मी हलले नाही. म्हटलं, ये. आत ये. देवा, आण त्याला आत.

तू केळी दाराजवळच्या स्टुलावर ठेवलीस आणि वळलास. मी जिन्यापर्यंत धावले. माझे गुडघे तुला माहीत आहेत, तोवर तू गेटाबाहेर.

तुला वाटलं असेल माय झोपलीय. झोपली नव्हती. तू दारात आलास त्याच क्षणी तिने डोळे घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे केली. तू गेल्यावर मी विचारलं, अगं, जीव टाकतेस ना त्याच्यासाठी, मग डोळे का मिटलेस? तर म्हणते, डाकिणीची नजर आंडोरवर पडू नये.

 आम्ही तिच्या डोक्यात हे भरलं! तुमच्या भगताने नुसतं नाव घेतलं होतं, ते तिच्या आत रुजवलं आमच्या प्रार्थनेने. मी खाली जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाटी घेतली, काही लिहिलं नाही, पालथी ठेवली. मग तोंड उघडता येत नसताना माणूस जसा रडतो तसे रडले.

केळ्यांतलं एक तिने मला सोलून भरवायला लावलं. बाकीची उशाशी ठेवलीत. काळी पडली तरी फेकू देत नाही.

मार्था


२२ नोव्हेंबर

नवल,

आम्ही घरी आलो. ज्योतीच्या नवऱ्याने आणि पोरांनी प्रार्थनाघराचं दार बसवलंय. सुपडू आत आहे, जामीन व्हायचा आहे. त्याची पुतणी बरी झाली, मलेरिया होता, गोळ्या मीच पाठवल्या. असो.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, ती स्वतःला डाकीण समजते, ते चुकीचं होतं. आता खरं लिहिते. तिने माझ्याकडून शपथ मागितली होती की तुला सांगायचं नाही. मी म्हटलं, आम्ही शपथा घेत नाही. म्हणाली, मग तुमचा शब्द द्या. मी दिला. आणि आज मोडते आहे. तिने मला क्षमा केली नाही तरी चालेल.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती, तिची सून मेहरुन तिच्या उशाशी असायची. मोठी खटपटी पोरगी, सासूची वेणी झाली की तुझ्या मायचे उरलेसुरले केसही विंचरून द्यायची. तिच्याकडे तान्हं होतं. एकदा मी चहा आणायला गेले तेव्हा तिला गोळ्या आणायला पाठवलं असावं. ती आपलं लेकरू बिनधास्त तुझ्या मायच्या कुशीत ठेवून गेली. तिला कुठे माहीत डाकीण नि भगत!

मी चहा घेऊन दारात आले आणि थबकले. म्हटलं, आता ही किंचाळणार, डोळे मिटणार. कसलं काय! प्लास्टरच्या दोन्ही हातांचं कुंपण केलं होतं तिने लेकराभोवती. डोळे टक्क उघडे. लेकराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हसत होती. "कसा हासस रे मना सोन्या! कोना राजा शे तू?" असं म्हणत त्याच्या पोटावर ओठांनी फुर्र करत होती. जुलैपासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

आपल्या नजरेला भिणारी बाई परक्याच्या लेकराकडे असं बघेल का? मला नर्स म्हणून नाही, बाई म्हणून कळलं. मेहरुन लेकरू घेऊन गेल्यावर मी कॉटवर बसले आणि म्हटलं, भिकुबाई, तू डाकीण आहेस असं तुला मुळीच वाटत नाही. मग माईकवर का बोललीस? दारात आंडोर आला तर डोळे का मिटलेस?

 मग म्हणाली, आणि मी तिचेच शब्द लिहिते, "सिस्टर, मी डाकीन नही ठरनी, ते नवीनले कोनी मारं? लोखंड मना आंडोरना हातमा व्हतं. डाकीनना आंडोर जगी जाई. लेकरू मारनारा बाप कसा जगी?"

समजलं तुला? तिने ते चटके पाहिले होते. तू लोखंड तापवलंस तेव्हा ती तुझ्या पाया पडली होती, हेही तिने सांगितलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. दांडा डोक्यात बसला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून पोलिसांना पडले म्हणाली, म्हणून पाड्याला ऐकू जाईल अशी माईकवर कबूल झाली, म्हणून उंबऱ्यावर हात मोडताना तोंड उघडलं नाही. तू दारात आलास तर डोळे मिटले, म्हणजे तू बिनघोर परत जावंस, माय डाकीणच होती म्हणत.

आमचे हे आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले की एकाने दुसऱ्यांचं पाप आपल्या अंगावर घेतलं. मी दर रविवारी पुढच्या चटईवर बसून ऐकत आले. आणि आमच्याच खोलीत एक बाई ते करत होती, तर आम्ही तिच्यातलं भूत काढत बसलो! ह्यांना सांगितलं तेव्हा हे उठले, तिच्या खोलीत गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती घाबरली. म्हणाली, पाळकसाहेब, चक्कर आली का?

आता तुझं. मी रागात तुला चटक्यांचं लिहिलं. राग खरा होता, पण सगळं खरं त्यात नव्हतं. नवीनला न्यूमोनिया होता, चटक्यांच्या आधीपासून. दवाखान्यात आणलं असतंस तर वाचला असता का? बहुतेक वाचला असता. मी खोटं लिहिणार नाही, तुला खोट्याची गरज नाही. पण तू लोखंड हातात घेतलंस ते त्याला वाचवायला. भगत म्हणाला आणि तू भ्यायलास. भ्यालेला बाप काहीही करतो, हे मी दवाखान्यात आयुष्यभर पाहिलं. हे ओझं तुझं आहे, नवल. तुझ्या मायचं नाही. तिच्या डोक्यावरून ते उतरव. ते घेऊन एकटा बसायला मी तुला सांगत नाही. आमच्या ओट्यावर येऊन बस, मी बसेन तुझ्याजवळ, हेही बसतील, ज्योती मोडक्या खांद्याने चहा करील. ते हलकं करता येईल असं म्हणत नाही. पण माणसांत बसून सोसता येतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. ह्या वेळची पाळी ज्योतीची होती. तिने आपणहून मंडळीसमोर सांगितलं, माझी पाळी भिकुबाईला. मग एक बाई उठली आणि रडत म्हणाली, मी मागच्या वेळी तुकडा चटईखाली लपवला होता. मग दुसरी उठली. मग पुरुष. स्पीकर नव्हता, पण मला सगळं ऐकू आलं. ह्या वेळी ते खातील.

पण तिला ते पुरायचं नाही. माझा तुकडा पुरला नाही, तर त्यांचा कसा पुरेल? तू चारचौघांत तिच्या हातचं खाल्लंस तर ती डाकीण राहत नाही आणि तू लेकरू मारणारा बाप ठरतोस, ह्याच भीतीने ती अजून नको म्हणते. तिला दाखव की तू ते ऐकून जिवंत आहेस. एवढंच तिला हवंय. बाकी पाड्याने काय म्हणायचं ते म्हणो.

मयुरीला आण, यायची असली तर. तिच्यावर कुणी डोळे वटारणार नाही, वटारले तर फुंकणी माझ्याकडे अजून आहे.

कणीक मी मळून देईन. पोळपाट ज्योती धरील. लाटायला तुझ्या मायच्या उजव्या हाताची दोन बोटं आहेत, काल तिने चोरून एक पोळी लाटून पाहिली, वाकडी झाली पण झाली. खायला तू ये.

प्रभूच्या नावाने सलाम.

मार्था